'कोर्ट' अर्ध्यावर सोडू नका

कॅमेरा हलतच नाही म्हणून तुम्ही अर्ध्या तासात 'कोर्ट' हा मराठी सिनेमा बंद केलात, हे वाचून फार चुटपुट लागली. पहिल्यांदा मोबाईलवर लावला तेव्हा मलाही तो जड गेला होता. मागच्या रविवारी टीव्हीवर, दिवे मालवून आईबरोबर पाहिला. त्या स्थिर चौकटीत कोपऱ्यातले कारकून, फायली, ताटकळलेली माणसं नीट दिसतात, आणि मोबाईलवर नेमकं तेच हरवतं.

आणि तुम्ही थांबलात त्याच्या पुढेच खरा सिनेमा आहे हो! गटारात उतरून मेलेल्या कामगाराची बायको साक्ष देते. आत हवा आहे का हे तो कसा ओळखायचा? आधी खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तरच उतरायचा. ती हे अगदी सपाट आवाजात सांगते. आईच्या हातातली शेंग सोलायची तशीच राहिली.

गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील तर मला सगळ्यात आवडली. लोकलमध्ये साडीबद्दल गप्पा मारते, घरी येऊन स्वयंपाकाला लागते. तिचा राग धड करताच येत नाही. त्या कामगाराच्या मृत्यूच्या खटल्यातला आरोपी, वीरा साथीदारांचा शाहीरही अस्सल, कारण ते स्वतः आंबेडकरी चळवळीतलेच. २०२१ मध्ये कोरोनाने गेले.

शेवटी कोर्टातले दिवे एकेक करत मालवतात आणि पडदा काळा होतो. तिथे सिनेमा संपला असं समजून उठू नका, पुढे न्यायाधीशांची सहल आहे.