मॅक प्रोची वाट पाहावी की त्याचा नाद सोडावा?

बार्देशकर (प्रश्न)

म्हापशात माझा ध्वनिमुद्रणाचा आणि चित्रसंकलनाचा छोटा स्टुडिओ आहे. चवथीच्या आधी घुमट-आरत्या आणि भजने, जत्रांचा हंगाम सुरू झाला की देवळांच्या रंगमंचावरील संगीत नाटकांचे चार कॅमेऱ्यांनी केलेले चित्रण, असे माझे कामाचे वर्ष असते. हे सगळे २०१९ च्या, इंटेल प्रोसेसरच्या मॅक प्रोवर, म्हणजे ॲपलच्या व्यावसायिक कामाच्या मोठ्या संगणकावर चालते. यंत्राविषयी माझी एका शब्दाचीही तक्रार नाही. मृग लागण्यापूर्वी दरवर्षी मी त्याचे वरचे हँडल फिरवतो, ॲल्युमिनियमचे कवच अखंड वर उचलले जाते आणि आतल्या खाचांत बसवलेले प्रत्येक सर्किटचे कार्ड, मेमरीची प्रत्येक पट्टी हाताशी येते. खाऱ्या, दमट हवेत ज्यांनी संगणक सांभाळले आहेत त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

प्रश्न पुढचा आहे. टाहो ही मॅकच्या कार्यप्रणालीची इंटेल प्रोसेसरच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल आणि त्यानंतर त्या यंत्रांना तीन वर्षे केवळ सुरक्षेचे अपडेट मिळतील, असे ॲपलने २०२५ च्या जूनमध्ये जाहीर केले. यंत्रे जुनी होणारच, त्याचे दुःख नाही. पण त्याच्या जागी घ्यायचे काय? २०२३ च्या मॅक प्रोमध्ये एम२ अल्ट्रा ही ॲपलची स्वतःची चिप आहे. २०२५ च्या मार्चमध्ये मॅक स्टुडिओला, म्हणजे ॲपलच्या लहान आकाराच्या संगणकाला, पुढची एम३ अल्ट्रा मिळाली, मॅक प्रो मात्र होता तिथेच राहिला. ज्या संगणकाला सर्वांत जास्त पैसे मोजायचे, तोच घरातल्या धाकट्याच्या मागे पडलेला, आणि २०२५ मध्ये कंपनीने त्यावर चकार शब्दही काढला नाही.

माझ्याकडे ध्वनिमुद्रणाचे एक आणि चित्र आत घेण्याचे एक, अशी दोन कार्डे आहेत. नव्या मॅक प्रोची वाट पाहावी, मॅक स्टुडिओ घेऊन कार्डे वायरीने जोडलेल्या बाहेरच्या डब्यात बसवावीत, की विंडोजकडे वळावे? ज्यांनी असे स्थलांतर प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

अंत्रुजकर

आपला वैताग रास्त आहे, पण तो नवा नाही. मी २००८ पासून फोंड्यात हेच काम करतो आहे आणि हा खेळ तिसऱ्यांदा पाहतो आहे. २०१२ च्या जूनमध्ये मॅक प्रोला जेमतेम डागडुजी म्हणावी इतकाच बदल मिळाला. २०१३ च्या मार्चपासून युरोपीय संघात त्याची विक्रीच थांबली, कारण आतल्या पंख्यांना पुरेसे संरक्षण असावे या सुधारित मानकात ते यंत्र बसत नव्हते आणि ते त्यात बसवण्याची तसदी कोणी घेतली नाही. डिसेंबर २०१३ मध्ये आला तो काळा दंडगोल. तो दिसायला देखणा होता, पण त्यात मधोमध एक त्रिकोणी धातूचा गाभा, त्याला चिकटलेली दोन ग्राफिक्स कार्डे आणि वर एकच पंखा, अशी रचना होती. पुढे सगळे जग एकाच मोठ्या, अधिक तापणाऱ्या कार्डाकडे वळले आणि या रचनेत ते बसवायला जागाच उरली नाही. उष्णतेच्या बाबतीत आपणच स्वतःला कोपऱ्यात गाठले, अशी कबुली ॲपलने २०१७ च्या एप्रिलमध्ये मोजक्या पत्रकारांना बोलावून दिली. त्यानंतर खरे नवे यंत्र यायला डिसेंबर २०१९ उजाडला. म्हणजे एका दंडगोलावर सहा वर्षे!

यंत्र हळू असले तर काम उशिरा होते, इतकेच. पुढचे यंत्र येणार की नाही हेच कळत नसेल, तर कर्ज काढून कार्डे घेणाऱ्याने हिशेब कसा मांडायचा? वाट पाहण्याच्या बाजूने मला एकही कारण दिसत नाही.

मांडवीकाठ

मी थोडा विरोधी सूर लावतो. मी पणजीत वास्तुरचनांची त्रिमितीय चित्रे तयार करतो आणि एम३ अल्ट्राचा मॅक स्टुडिओ वापरतो. २०२५ मध्ये तो आला तेव्हा त्यात ५१२ गीगाबाइटपर्यंत मेमरी घेता येत होती. एम२ अल्ट्राच्या मॅक प्रोची मर्यादा १९२ होती. २०२३ मध्ये हीच एम२ अल्ट्रा दोन्ही यंत्रांत मिळत होती, स्टुडिओत ३,९९९ डॉलरपासून आणि मॅक प्रोत ६,९९९ पासून. वरचे तीन हजार मुख्यत्वे खाचांचे, आणि त्या खाचांत वेगळे ग्राफिक्स कार्ड चालत नाही. मेमरी चिपशी एकजीव असल्याने तीही नंतर वाढवता येत नाही. अशा स्थितीत कंपनीने मॅक प्रोकडे दुर्लक्ष केले असे म्हणण्यापेक्षा, ज्या कारणासाठी तो होता ते कारण तिने स्वतःच काढून घेतले, असे म्हणणे मला अधिक बरोबर वाटते. राग मानावा, पण माझ्यासारख्या दहांपैकी नऊ जणांना त्या मोठ्या पेटीची गरज राहिलेली नाही, हेही मान्य करावे लागेल.

साळकाठचा

उरलेल्या दहाव्याचे काय, हाच तर प्रश्न आहे. मी मॅक स्टुडिओ आणि थंडरबोल्टचा (वेगवान वायरीने जोडायचा) बाहेरचा डबा अशी व्यवस्था वर्षभर वापरली. कार्ड उत्तम चालले. परंतु डब्याचा वेगळा अडॅप्टर, डिस्कचा वेगळा, या सगळ्यांना यूपीएसवर जागा, आणि टेबलाखाली वायरींचे जाळे. पावसाळ्यात वीज क्षणभर डोळा मिचकावते तेव्हा यातले नेमके काय बंद पडले ते शोधत बसावे लागते. एकदा पेटीवाल्याचा पाय वायरीत अडकला आणि नाट्यपद रंगात आले असताना डिस्क सुटली. गायिकेने ते पद पुन्हा म्हटले, पण पहिल्यासारखे नाही.

शेवटी मी थ्रेडरिपर प्रोसेसरचा विंडोज संगणक जुळवून घेतला. खाचा भरपूर आहेत आणि सुटे भाग मागवता येतात. डाविंची रिझॉल्व्ह हा संकलनाचा प्रोग्राम तिथेही चालतो, मात्र फायनल कट (संकलनाचा) आणि लॉजिक (ध्वनिमुद्रणाचा) हे प्रोग्राम केवळ ॲपलच्या यंत्रांवर मिळतात, हे आधीच ध्यानात घ्या. मला लॉजिकमधली जुनी सत्तरेक गाणी ट्रॅक वेगळे काढून हलवावी लागली आणि त्यात जवळजवळ सगळा श्रावण गेला.

बार्देशकर

सर्वांचे आभार. सत्तर गाण्यांचा श्रावण वाचून विंडोजचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे, कारण माझ्याकडची लॉजिकमधली मुद्रणे त्याहून पुष्कळ अधिक आहेत. मॅक प्रोची वाटही पाहणार नाही. मांडवीकाठ यांचा मुद्दा कटू असला तरी मला पटला. संकलनासाठी मॅक स्टुडिओ घेतो, त्याला बाहेरचा डबा जोडत नाही. दोन्ही कार्डे जुन्या यंत्रातच राहतील आणि ते यंत्र सुरक्षेचे अपडेट मिळत आहेत तोवर फक्त मुद्रणासाठी वापरीन. साळकाठचा, तुमचा तो थंडरबोल्टचा डबा विकायचा असेल तर मात्र कळवा. तीन वर्षांनी लागेलच, आणि तेव्हा वायर भिंतीच्या कडेने नेईन.