जुन्या खणाच्या चोळीवरून हातकागदाची चोळी : गळा आखडतो, बगलेत फाटते

वडगाव_हातमाग
चोळीवर ओल्या कागदाचे थर देऊन रिकामी चोळी करायची आहे. आत बाई नाही, पण तिचा बांधा दिसावा. दुकानातल्या पुतळ्यावर केली तर गळा आखडतो, बगल फाटते. त्याच खणाचा लगदा केला तर धरतच नाही. त्यात बेळगावचा पाऊस. काय चुकतंय सांगा की.

लगदेवाला
कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणात सुताबरोबर रेशीम किंवा कृत्रिम रेशीम असतं. कागद धरतो तो कुटून सुटलेल्या सुती तंतूंवर. रेशमाला तसे तंतू सुटत नाहीत. म्हणून खणाचे ५ मिमीचे तुकडे वाळलेल्या वजनाच्या फार तर १० टक्के मिसळा, बाकी होजिअरीच्या सुती कातरणाचा लगदा. आधी धागा जाळून पाहा: केस जळल्याचा वास आला तर रेशीम, कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. चिंध्या मिक्सरमध्ये घालू नका, पात्याला गुंडाळतात. कुटलेला लगदाच आणा, पण फार कुटलेला नको. जितका कुटाल तितका वाळताना आकसतो; तुमचा गळा तिथेच गेला.

निपाणी_शिलाई
पुतळ्यावर बाईचा नाही, दुकानाचा बांधा मिळतो. खांदे सारखे, छाती सारखी. खरं माप चोळीतच आहे: उसवून वाढवलेली बगल, एका बाजूचा ढिला टक्स, झिजलेली बाही. एक नंबर लहान पुतळा घ्या, चोळी भरेल इतका कापूस गुंडाळा. इस्त्री मुळीच नको. वर पातळ प्लास्टिक ताणा. विणीचा ठसा हवा असेल तर प्लास्टिक नको, पण मग चोळी गेली समजा.

कागद कापू नका, फाडा. २-३ इंची तुकडे, अर्धा इंच एकावर एक, तीन थर, आडवा-उभा आलटून पालटून. प्रत्येक थर स्पंजने दाबून पाणी काढा. गळ्याला आणि बगलेला जादा पट्टी. काढताना पाठ चिरू नका. खणाची चोळी पुढे गाठ मारून घालतात, तिथेच चिरा. सांधा लपवावा लागत नाही.

लगदेवाला
पावसाळ्यात पूर्ण वाळेपर्यंत पुतळ्यावरच ठेवा, दोन बाजूंनी पंखा. उन्हात एक बाजू आधी वाळते आणि चोळी वळते. खळीत मोरचूद घालायची जुनी सवय इथे सोडा: हिरवट छटा येते, तांब्याने कागद लवकर कुजतो. खळीऐवजी लिटरभर पाण्यात २० ग्रॅम मिथाइल सेल्युलोज (पाण्यात विरघळणारी चिकट पूड). फेविकॉलने चोळी प्लास्टिकची दिसते. वरून रंग देण्यापेक्षा रंगद्रव्य लगद्यातच घाला. कलाकार झरीना हाश्मींचं ओतीव कागदकाम पाहा.

वडगाव_हातमाग
आणि गाठ? सुती कागदाची पट्टी पिळली की तुटते.

निपाणी_शिलाई
तुटणारच, तंतू आखूड. गाठीपुरता नेपाळी लोक्त्याचा (एका झुडपाच्या सालीचा) पातळ कागद घ्या, लांब तंतूंचा असतो. किंचित ओला करून पीळ द्या, गाठ ओलीच बांधा आणि वाळेपर्यंत हात लावू नका.