ग्रॅज्युएट एंट्रीला ‘मागचं दार’ म्हणणाऱ्यांना उत्तर

रात्रपाळी: काल इथे एका काकांनी लिहिलं की यूकेतली ग्रॅज्युएट एंट्री मेडिसिन (आधीच एखादी पदवी असलेल्यांसाठीचा चार वर्षांचा डॉक्टरकीचा कोर्स) म्हणजे अठराव्या वर्षी ज्यांना जमलं नाही त्यांच्यासाठी ठेवलेलं मागचं दार. आपल्या लोकांनी मुलांना त्या नादी लावू नये, बँकेत नाहीतर आयटीत चिकटवावं. वर लाइकही भरपूर. म्हणून सविस्तर लिहितेय.

काका, ते मागचं दार कुठे आहे तेवढं दाखवा, मलाही सापडलं नव्हतं. विद्यापीठांचे अर्ज जिथून जातात ते यूकॅस मेडिसिनचे चारच अर्ज घेतं, तेही १५ ऑक्टोबरच्या आत. वर प्रवेश परीक्षा: वॉरिक विद्यापीठाला यूकॅट लागते, स्वॉन्झीला गॅमसॅट. यूकॅट वर्षातून एकदाच देता येते, त्या दिवशी ढेपाळलात की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बसा. गॅमसॅटमध्ये आधी कविता-उतारे, मग दोन निबंध, आणि शेवटी केमिस्ट्री, बायो, फिजिक्स. मी इतिहासाची पदवीधर. ऑरगॅनिक केमिस्ट्री वॉर्डातल्या ब्रेकमध्ये शिकले, कारण पोटासाठी एचसीए, म्हणजे नर्सच्या हाताखालची मदतनीस, म्हणून रात्रपाळ्या करत होते. पहाटे पाचला दोघींनी मिळून आजोबांना कुशीवर वळवायचं, चादर बदलायची, लघवी मोजून फ्लुइड चार्टवर लिहायची. या कामाची ज्याला किळस नाही त्यानेच अर्ज करावा, हे कळायला अठरावं वर्ष पुरतंच असं नाही.

क्रॉयडनचे काका: तो मीच. लघवीच्या चार्टबद्दल आदर आहे, पण मुद्दा पैशांचा होता, तो तुम्ही सोयीस्कर गाळलात. पुतण्या बायोमेडिकल झाला, ग्रॅज्युएट एंट्री मिळाली नाही, म्हणून पाच वर्षांच्या कोर्सला बसला. दुसऱ्या पदवीला ट्यूशन फी लोन नाही. चार वर्षांची फी खिशातून, एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, बर्सरी (फीसाठी मदत) येते ती पाचव्या वर्षी. २०२५-२६ची फी ९,५३५ पौंड होती, गुणिले चार करा. भावाने पुण्यातला फ्लॅट विकला.

रात्रपाळी: मग तो पाच वर्षांच्या कोर्सचा हिशेब झाला ना! चार वर्षांच्या ग्रॅज्युएट एंट्रीत पहिल्या वर्षी साधारण साडेतीन हजार स्वतःचे, बाकी लोन, दुसऱ्या वर्षापासून एनएचएस बर्सरी. दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करून लोकांना घाबरवू नका.

क्रॉयडनचे काका: ज्याला पहिलं मिळत नाही तो दुसऱ्यात जातो, हेच तर म्हणतोय! आणि उद्या आईवडील म्हातारे झाले, भारतात परतायचं ठरलं तर? भारतातल्या नॅशनल मेडिकल कमिशनचा, एनएमसीचा, २०२१चा नियम वाचा. परदेशी पदवी किमान ५४ महिन्यांची हवी. चार वर्षं म्हणजे किती हो?

प्लॅबवाला: काका पहिल्यांदाच कामाचं बोलले. पण मुळात तुम्ही सगळे चुकीच्या दारावर भांडताय. डॉक्टर होऊन पुढे काय? २०२५मध्ये स्पेशालिटी ट्रेनिंगच्या (पुढे तज्ज्ञ होण्याच्या प्रशिक्षणाच्या) १० हजार जागांना ३० हजार अर्जदार होते, हे सरकारच सांगत होतं. मी ससूनच्या गर्दीत शिकलो, परदेशी डॉक्टरांची प्लॅब परीक्षा दिली आणि अजून ट्रस्ट ग्रेडवर, म्हणजे ट्रेनिंग नसलेल्या नोकरीत, रोटा (ड्यूटीचं वेळापत्रक) भरतोय. ताई, तुम्ही चाळिशीत कन्सल्टंट व्हाल. झालात तर.

रात्रपाळी: चाळीस मी अशीही होणारच आहे.

डिपेंडंट_वहिनी: मध्येच विचारते, रागावू नका. मी बीएचएमएस. नगरला आठ वर्षं स्वतःचा दवाखाना होता. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आले आणि केअर होममध्ये काम करते. मला अर्ज करता येईल का?

प्लॅबवाला: वहिनी, स्पष्ट बोलतो. होमिओपॅथीला जीएमसी, म्हणजे इथली डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था, विचारत नाही. आणि ज्यांना शॉर्टकटची सवय आहे त्यांनी इथे येऊन… जाऊ द्या. महाराष्ट्रात होमिओपॅथ एक वर्षाचा सीसीएमपी (आधुनिक औषधांचा कोर्स) करून अ‍ॅलोपॅथी लिहायची परवानगी मागतात, त्यावर डॉक्टरांच्या आयएमए संघटनेने १८ सप्टेंबर २०२५ला संप केला तो उगाच नाही.

डिपेंडंट_वहिनी: शॉर्टकट? साडेपाच वर्षं शिकले मी. आणि तुमचे एमबीबीएस साहेब आमच्या तालुक्यात बॉण्डचं वर्षसुद्धा भरायला येत नव्हते. रात्री दोनला साप चावलेला माणूस बैलगाडीतून आला तर तो कुठल्या पॅथीचा आहे हे मी विचारत बसायचं का? सलाइनची लाइन लावली, १०८ला फोन केला, जिल्हा रुग्णालयात पाठवला. जगला.

प्लॅबवाला: एक जगला म्हणून कायदा बदलायचा? तुमच्यासारख्यांनी साध्या तापाला लिहिलेल्या स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक्सची भेळ आम्ही कॅज्युअल्टीत निस्तरलीय.

बार्शीची_कार्टी: आणि ती भेळ एमबीबीएसवाले लिहीत नाहीत? आमच्या गल्लीतले एमडी साहेब पेशंट बसायच्या आत सलाइन लावतात. पेशंट पाठवल्याबद्दल मिळणाऱ्या कटच्या पाकिटांवर बोलू का?

क्रॉयडनचे काका: कटप्रॅक्टिसचा विषय निघाला की मी रात्रभर लिहू शकतो. आईच्या एमआरआयच्या वेळी…

रात्रपाळी: काका, नको. प्लॅबवाले दादा, वहिनींनी सीसीएमपीचं नावही काढलं नव्हतं. त्यांनी प्रवेश परीक्षेतून यायचा रस्ता विचारला. म्हणजे तुम्ही म्हणता तोच लांबचा रस्ता. तोही बंद हवाय का?

प्लॅबवाला: परीक्षा देऊन, चार वर्षं शिकून येत असतील तर माझी हरकत कोण विचारतंय. येऊ द्या. रोटात माणसं कमीच आहेत.

डिपेंडंट_वहिनी: उपकार झाले.

रात्रपाळी: वहिनी, नीट ऐका. वॉरिक, स्वॉन्झी, सेंट जॉर्जेस, सगळीकडे कुठल्याही विषयाची पदवी चालते, फक्त तुमची पदवी ते कशाच्या बरोबरीची धरतात हे अ‍ॅडमिशन्सला आधी ईमेलने विचारा. खरी अडचण व्हिसाची. डिपेंडंट असताना साधारणपणे होम फी नाही, लोन नाही, बर्सरी नाही. आयएलआर (कायम राहण्याची परवानगी) होईपर्यंत थांबा आणि तोवर गॅमसॅटची तयारी करा, ती मार्चमध्येही असते, सप्टेंबरमध्येही. केअर होमचं काम सोडू नका, इंटरव्ह्यूला तेच उपयोगी पडतं. मला इंटरव्ह्यूच्या एका टप्प्यात (त्याला स्टेशन म्हणतात) पेशंटचं सोंग घेतलेल्या अ‍ॅक्टरला सांगायचं होतं की तिची मांजर माझ्या गाडीखाली मेली. शेजारच्या केबिनमधला मुलगा तिला विम्याचे नियम समजावत होता, भिंतीपलीकडून ऐकू येत होतं. मी नुसती सॉरी म्हणून गप्प बसले आणि तिला रडू दिलं. हे मला पुस्तकाने नाही, वॉर्डाने शिकवलं.

क्रॉयडनचे काका: मांजरीवर डॉक्टर निवडतात. धन्य.

रात्रपाळी: आणि ५४ महिन्यांचं तुमचं बरोबर आहे. भारतात परतायचा विचार असणाऱ्यांनी हा कोर्स घेण्याआधी तो नियम वाचावाच. झालं समाधान?

क्रॉयडनचे काका: अर्धं. ‘मागचं दार’ मागे घेतो, ‘महागडं दार’ म्हणतो.

डिपेंडंट_वहिनी: काका, तुमच्या पुतण्याची गॅमसॅटची पुस्तकं पडून असतील तर विकत द्याल का? क्रॉयडनला मी रविवारी येऊ शकते.

क्रॉयडनचे काका: विकत कशाला, घेऊन जा. दोन खोकी आहेत, बायको रोज ओरडते.