'फ्लाइंग कोस्टर': उडता, उपडा की पालथा?

चाकोरी
जर्मनीत कोलोनजवळच्या ब्र्यूल गावात फँटासियालँड नावाचं मनोरंजन उद्यान आहे. तिथल्या 'फ्लाय' या रोलर कोस्टरवर आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिते आहे आणि शब्दांपाशी अडले आहे.

हा कोस्टर १७ सप्टेंबर २०२० रोजी सुरू झाला. बांधणारी कंपनी व्हेकोमा, नेदरलँड्सची. गाडी रुळाखाली असते आणि माणूस तोंड जमिनीकडे करून आडवा. या जातीचे कोस्टर आधीही होते, पण ते उंचावर चढवून सोडले जायचे. वेगाने ढकलून फेकला जाणारा असा कोस्टर जगात हा पहिलाच. रुळाची लांबी १,२३६ मीटर, आणि हे सगळं भेंडोळं 'चार्ल्स लिंडबर्ग' हॉटेलाभोवती, पुलांखालून, चालणाऱ्यांच्या डोक्यावरून गेलेलं आहे. उद्यानाला पसरायला जागा नाही, उंचीवरही बंधनं आहेत.

अशा कोस्टरला इंग्रजीत 'कॉम्पॅक्ट फ्लाइंग कोस्टर' म्हटलं, तर मराठीत काय म्हणायचं? अंकाच्या संपादकांनी 'छोटेखानी उडता कोस्टर' सुचवलंय. मला त्यातला एकही शब्द पटत नाही. सव्वा किलोमीटरचा रूळ छोटेखानी कसा? आणि 'उडता' म्हटलं की गाडी रूळ सोडून जाते असं वाटतं. शिवाय कोस्टरच्या चाहत्यांच्या प्रतिक्रिया मराठीत आणायच्या आहेत, तिथे फारच ओढाताण होते. मदत करा.

झुळूक
'कॉम्पॅक्ट'ला माझं मत 'आटोपशीर'. आटोपशीर घर, आटोपशीर स्वयंपाक, आटोपशीर भाषण. लहान असेल-नसेल, पण पसारा नाही, हाताबाहेर गेलेलं काही नाही. 'छोटेखानी'त नुसता आकार येतो, 'आटोपशीर'मध्ये करणाऱ्याचं कसबही येतं.

'सुटसुटीत' मात्र चुकूनही नको. सुटसुटीत म्हणजे मोकळं, कशात काही न अडकलेलं. तुम्ही वर्णन करताय ते नेमकं उलट आहे.

सांधा
यंत्राच्या बाजूने थोडं सांगतो, कारण इथे एका इंग्रजी शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत.

इटलीच्या झँपर्ला कंपनीचं 'व्होलारे' नावाचं तयार डिझाइन आहे. व्हिएन्नाच्या प्राटरमध्ये एक आहे, न्यू यॉर्कच्या कोनी आयलंडवरचा 'सोअरिन ईगल' (२०११) त्याच घरातला. ते खरोखर कमी जागेत बसतं. एरवी गाडी वर न्यायला लांबलचक सरळ चढ लागतो आणि जागा खातो तो हाच चढ. व्होलारेत चढ गोल आहे, गाडी मधल्या मनोऱ्याभोवती फिरत फिरत वर जाते. चढच गुंडाळला, त्यामुळे जागा वाचली. याला आटोपशीर म्हणावं, शंभर टक्के.

'फ्लाय'चं तसं नाही. तो कोस्टर मोठाच आहे, फक्त दाट बसवला आहे. रुळावरून रूळ, रुळाखालून रस्ता, मधून हॉटेल. त्याला आटोपशीर म्हटलं तर वाचक दोन मिनिटांचं काहीतरी लहानसं समजेल. मी 'दाट विणीचा' म्हणेन.

झुळूक
'दाट विणीचा' झकास! सांधा यांचं म्हणणं मान्य. व्होलारे आटोपशीर, फ्लाय दाट विणीचा. संपादकांना हेच दोन शब्द कळवा.

उंबरठा
आता 'फ्लाइंग'कडे. माझ्या मते हे नाव मुळात शरीराच्या अवस्थेचं आहे, हवेत असण्याचं नाही. आणि शरीराच्या अवस्थांसाठी मराठीत भरपूर शब्द आहेत, ते वापरायचे सोडून 'उडता' कशाला?

छाती आणि तोंड खाली असेल तर माणूस *पालथा*. पाठ खाली, तोंड वर असेल तर *उताणा*. कमरेतून पुढे वाकलेला तो *ओणवा*. डोकं खाली, पाय वर असेल तरच *उलटा*. कोस्टरच्या मराठी बातम्यांत या सगळ्याला सरसकट 'उलटे लटकून' म्हणतात, ते मला फार खटकतं. कारण याच राइडमध्ये माणूस काही क्षण खरोखर उलटा होतो. सगळीकडे 'उलटा' लिहिलं, तर त्या क्षणासाठी शब्दच उरत नाही.

*उपडा* हा शब्द माणसासाठीही चालतो, उपडा झोपला म्हणतातच. पण माझ्या कानाला तो भांड्याचा आहे. ताट उपडं घालतात, टोपली उपडी करतात. माणसाला पालथा बरा.

चाकोरी
'पालथा'ला एक अडचण वाटते. पालथ्या घड्यावर पाणी, पालथे धंदे... शब्दाला वाया गेल्याची, वाकडेपणाची छटा आहे. आनंदाने किंचाळणाऱ्या माणसाला तो शोभेल का?

उंबरठा
छटा आहे, पण ती म्हणींत आहे. सगळं गाव पालथं घातलं म्हणतो तेव्हा त्यात काही वाईट नसतं, उलट जिद्द असते. आणि बाळ पहिल्यांदा पालथं पडतं तेव्हा घरभर कौतुक होतं. तिथे शब्द अगदी निर्मळ आहे. बेधडक वापरा.

झुळूक
विदर्भाकडे 'उबडा' ऐकलाय. पण छापील लेखात पालथाच सगळ्यांना कळेल.

सांधा
उंबरठा यांनी पालथा-उताणा अशी जोडी दिली ते फार बरं झालं, कारण या कोस्टरांचा सगळा इतिहास त्या जोडीवर मांडता येतो.

सुरुवात १९९७ सालची. मँचेस्टरच्या ग्रॅनडा स्टुडिओमध्ये 'स्कायट्रॅक' उभा राहिला, एका गाडीत एकच माणूस, पालथा. पुढच्याच वर्षी तो बंद झाला. मग २००० साली कॅलिफोर्नियात सांता क्लाराला व्हेकोमाचा 'स्टेल्थ' आला. त्यात माणसं गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसायची, आसनं मागे कलायची आणि अख्खा चढ उताण्याने, आभाळ बघत पार व्हायचा. माथ्यावर रूळ पिळ घ्यायचा आणि सगळे एका झटक्यात पालथे. चाहत्यांच्या भाषेत याला 'लाय-टु-फ्लाय' म्हणतात, आणि परत उताणं होण्याला 'फ्लाय-टु-लाय'. पुढे २००४ साली तो कोस्टर कॅरोविंड्स उद्यानात हलवला गेला.

स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्डने वेगळी वाट धरली. २००२ साली इंग्लंडमधल्या अल्टन टॉवर्सला 'एअर' बांधला (आता नाव गॅलॅक्टिका). त्यात माणूस स्थानकातच रुळाखाली टांगलेल्या आसनावर बसतो, मग पाय मागून उचलले जातात आणि गाडी सुटण्याआधीच तो पालथा झालेला असतो. लॉस एंजेलिसजवळचा 'तात्सू' (२००६) आणि ओसाकाचा 'फ्लाइंग डायनासोर' (२०१६) याच पद्धतीचे.

उंबरठा
'लाय-टु-फ्लाय'साठी 'कूस पालटणं' घ्या. 'माथ्यावर रूळ कूस पालटतो आणि उताणे प्रवासी पालथे होतात.' काही समजावून सांगावं लागत नाही.

चाकोरी
वा! हे वाक्य मी जसंच्या तसं उचलते.

'फ्लाय'मध्ये हे कसं होतं ते लिहिते, कारण मला सगळ्यात आवडलेला भाग तोच. आधी खिसे पूर्ण रिकामे करायचे, मेटल डिटेक्टरच्या चौकटीतून जायचं. पालथ्या माणसाच्या खिशातून किल्ली निसटली तर ती खालून चालणाऱ्याच्या डोक्यावर पडेल, म्हणून. मग स्थानकात आपण सरळ, खुर्चीत बसावं तसे बसतो, पण तोंड जायच्या दिशेला नसतं, बाजूला असतं. छातीवर पट्टा येतो. गाडी हळूहळू अंधारात शिरते, आणि तिथे आसन वळतं. आधी खांद्यावर काहीच भार नसतो. मग पट्टा जाणवायला लागतो, पाठीला टेकू देणारं आसन हळूहळू पाठीवर येतं, आणि आपण पट्ट्यावर तोललेले आहोत हे छातीला कळतं. डोळ्यांना अजून काहीच दिसलेलं नसतं. मग गाडी फेकली जाते.

त्या क्षणाला मी 'पोटात गोळा आला' लिहिलंय. बरोबर आहे का?

झुळूक
पोटात गोळा येतो तो भीतीने, आणि बहुतेक वेळा आधी. परीक्षेचा निकाल, डॉक्टरांचा फोन. गाडी सुटण्यापूर्वी अंधारात थांबलात तिथे तो हवा. गाडी एकदम खाली जाते तेव्हा 'पोटात खड्डा पडतो'. आणि अचानक काही समोर आलं तर 'छातीत धस्स होतं'. तीन वेगळ्या जागा, तिन्ही तुमच्या लेखात लागतील.

सांधा
त्यात एक भर. साध्या कोस्टरमध्ये गाडी खालून वर वळते तेव्हा भार बैठकीवर येतो. पालथ्या कोस्टरमध्ये तोच भार छातीवर आणि पट्ट्यावर येतो. म्हणून चाहते पट्ट्याबद्दल इतकं बोलतात. व्होलारेवर त्यांचा मुख्य राग हाच असतो, की आसन पिंजऱ्यासारखं आणि वळणावर अंग आपटतं. 'फ्लाय'चं कौतुकही त्याच मापाने होतं, गाडी कुठे अडखळत नाही, अंगाला मार बसत नाही. तिथे 'गुळगुळीत' लिहू नका, ते फरशीला ठीक. 'सुळसुळीत'ही नको. 'गाडी सरसर जाते' पुरे.

चाकोरी
चाहत्यांच्या बोलण्यात आणखी दोन गोष्टी सारख्या येतात. 'हेडचॉपर', म्हणजे खांब किंवा पूल इतका जवळून जातो की डोकं उडेल असं वाटतं. आणि 'प्रेट्झेल लूप'. दुसरा 'फ्लाय'मध्ये नाही, पण त्याच्याशिवाय पालथ्या कोस्टरची चर्चाच होत नाही.

उंबरठा
पहिल्यासाठी क्रियापद आहे: चाटून जाणं. गोळी कानाला चाटून गेली म्हणतो, तसं 'पूल डोक्याला चाटून गेला'. नाम बनवायच्या भानगडीत पडू नका.

सांधा
प्रेट्झेल लूप म्हणजे काय ते आधी नीट सांगतो. नेहमीच्या लूपमध्ये गाडी खालून शिरते, वर जाते, खाली येते. इथे गाडी वरून शिरते. पालथा माणूस डोक्याकडून खाली सूर मारतो, सगळ्यात खालच्या बिंदूला तो पूर्ण उताणा असतो, आणि वेग तिथेच सर्वात जास्त असल्यामुळे पाठ आसनात दाबली जाते. मग परत वर येऊन पालथा. 'तात्सू'चा लूप सुमारे ३८ मीटर उंच आहे. 'फ्लाय'चा कमाल वेग ताशी ७८ किलोमीटर, 'तात्सू'चा १०० च्या आसपास. 'फ्लाय अंगावर येत नाही' अशी तक्रार काही चाहते करतात, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे. मला ती तक्रार पटत नाही. दाट विणीच्या कोस्टरमध्ये डोळ्यांसमोरून जे सरसरत जातं तोच खरा थरार.

झुळूक
प्रेट्झेल म्हणजे तो जर्मन बेकरीतला वेटोळ्याचा पाव ना? मग आपलं कडबोळं की! दोन्ही टोकं एकमेकांवरून आणून दाबलेली, अगदी तोच आकार. 'कडबोळी लूप' म्हणा. दिवाळी अंकच आहे, फराळाच्या ताटात कडबोळी असणारच.

उंबरठा
सुंदर. फक्त 'कडबोळं' हा शब्द वर्तमानपत्रांनी राजकारणात ओढलाय, चार पक्षांचं कडबोळं वगैरे. नुसतं 'कडबोळं' लिहिलं तर गोंधळाचा अर्थ डोकावेल. 'कडबोळ्याच्या आकाराचा लूप' असं एकदा लिहा, मग पुढे 'कडबोळी लूप' चालेल.

चाकोरी
खूप खूप आभार. राहता राहिला 'एन्थुझिअस्ट'. मी 'हौशी' लिहिलंय.

उंबरठा
'हौशी कलाकार'मुळे त्याला 'व्यावसायिक नसलेला' असा अर्थ चिकटलाय. 'शौकीन' घ्या. 'दर्दी' गाण्याला राहू द्या.

चाकोरी
तर परिच्छेद असा झाला:

'फ्लाय हा दाट विणीचा कोस्टर आहे. प्रवासी सरळ बसून निघतात, अंधारात आसन वळतं आणि ते पालथे होऊन रुळाखाली लटकतात. पूल डोक्याला चाटून जातो, छातीत धस्स होतं, तोवर गाडी हॉटेलाला वळसा घालून पुढे गेलेली असते. कडबोळी लूप नाही म्हणून काही शौकीन हळहळतात.'

नाव मात्र 'फ्लाइंग कोस्टर' असंच ठेवते, वर्णनात पालथा.

सांधा
नाव ठेवा, हरकत नाही. खोपोलीच्या इमॅजिकातला 'नायट्रो' ज्यांनी पाहिलाय त्यांच्यासाठी एक ओळ घालाल का? त्यात पाय मोकळे लोंबतात म्हणून बरेच जण त्यालाच फ्लाइंग समजतात. पण तिथे रूळ पायाखाली असतो आणि माणूस बसलेला असतो, म्हणजे तो पालथ्या कोस्टरांत येत नाही.

आणि 'लटकतात' बदला. लटकणाऱ्याचे हातपाय खाली लोंबतात. इथे आख्खं अंग पट्ट्यावर तोललेलं असतं, तुम्हीच वर लिहिलंय तसं. 'रुळाखाली तोलले जातात' करा.