मीटिंगमध्ये आवाज बसतो, रोज काय करू?

डोंबिवलीकर: रोज डोंबिवली-सीएसएमटी. घरी पोचायला साडेआठ. मुद्दा डोक्यात तयार असतो, पण बोलायची वेळ आली की घसा कोरडा. रोज पंधरा मिनिटांत काही जमेल का?

स्वरसाधक: जमेल. मीटिंगमधलं फक्त पहिलं वाक्य लिहा, दहा-बारा शब्दांचं. उभं राहून पाच वेळा मोठ्यानं म्हणा, फोनवर रेकॉर्ड करा. ऐकताना एकच बघा: शेवटचे दोन शब्द गिळले जातात का? बहुतेकांचे जातात, कारण श्वास आधीच संपतो. वाक्य तोडा, मध्ये श्वास घ्या. अख्खं भाषण पाठ करू नका, एक शब्द निसटला की सगळं कोसळतं. मग मीटिंगच्या पहिल्या पाच मिनिटांतच ते वाक्य बोलून टाका. जितकं थांबाल तितकी धडधड वाढते.

माटुंगा_रोड: सहमत. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये हेच मांडलं: स्वतः करून जमलेल्या गोष्टीतून येणारा विश्वास सर्वांत पक्का. म्हणून पायरी छोटी हवी. पहिला आठवडा लोकलमध्ये अनोळखी माणसाला ‘कुठे उतरणार?’ एवढंच विचारा, तेही ठाण्यानंतर, गर्दीत रोजचाच प्रश्न आहे तो. दुसऱ्या आठवड्यात मीटिंगमध्ये एक प्रश्न, तिसऱ्यात स्वतःचं मत.

स्वरसाधक: आणि ‘२१ दिवसांत सवय लागते’ हा हिशोब धरू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात सवय लागायला सरासरी ६६ दिवस लागले. एखादा दिवस हुकल्यानं फारसं बिघडलं नाही. मेगाब्लॉकच्या रविवारी राहिलं तर सोमवारी पुन्हा सुरू करा, दुप्पट नको.