मदत हवी आहे: रोज ६० नमुने, व्हिस्कोसिटी, मशीन एकच

वैतागलेला_केमिस्ट: रोज ६०-६५ नमुन्यांची व्हिस्कोसिटी, म्हणजे द्रवाचा घट्टपणा, काढायची असते. ब्रुकफील्ड एलव्ही आहे, द्रवात दांडा फिरवून अडथळा मोजणारं मशीन. एकेका नमुन्याला दहा-बारा मिनिटं जातात. वर एकाच बाटलीचा आकडा सकाळी वेगळा, दुपारी वेगळा. झटपट कसं करायचं? नवीन मशीन सुचवू नका, बजेट नाही.

बी_फोर: फोर्ड कप बी-४, तळाला भोक असलेला कप. भरा, भोकावरचं बोट काढा, स्टॉपवॉच दाबा. रंगाच्या कारखान्यांत हेच चालतं.

रेझिनवाला: कपापेक्षा गार्डनर ट्यूब बऱ्या. सगळ्या नळ्या २५ अंशांच्या पाण्यात ठेवा, व्हिस्कोसिटी माहीत असलेल्या प्रमाण नळ्यांबरोबर एकदम उलट्या करा, बुडबुडा कुणाच्या बरोबरीने चढतो ते बघा.

स्टोक्सभाऊ: अहो, द्रव कोणता ते तरी कळू दे! तापमान किती? बाटलीत माल किती? रिपोर्ट सीपीत (सेंटीपॉइज) की सेंटीस्टोक्समध्ये (सीपी भागिले घनता)?

वैतागलेला_केमिस्ट: तेलच हो. वापरलेलं हायड्रॉलिक, ६८ ग्रेड, काळं. बाटली २५ मिलीची. ब्रुकफील्डला स्मॉल सॅम्पल अडॅप्टर (थोड्या मालासाठीची जोडणी), १८ नंबर स्पिंडल (फिरणारा दांडा). तापमान खोलीचंच. रिपोर्ट सेंटीस्टोक्समध्ये.

स्टोक्सभाऊ: मग वरचे दोन्ही उपाय बाद. कपाला १०० मिली लागतं, आणि काळ्या तेलात बुडबुडा दिसणार कुठून?

बी_फोर: चार बाटल्या एकत्र करा की.

स्टोक्सभाऊ: चार मशीनचं तेल एकत्र? मग मोजायचं कशाला!

मराठी_बाणा: व्हिस्कोसिटी काय, श्यानता म्हणा.

थर्मोस्टॅट: दुखणं खोलीच्या तापमानात आहे. तुमचा ६८ ग्रेड (व्हीजी ६८) म्हणजे ४० अंशांवर ६१.२ ते ७४.८ सेंटीस्टोक्स. खोली २६ वरून ३२ वर गेली की या तेलाचा आकडा पावपटीहून जास्त उतरतो. शिवाय २६ अंशांवर ३० आरपीएमला टॉर्क (स्पिंडल फिरवायला लागणारा जोर) मशीनच्या १०० टक्क्यांच्या वर जातो, म्हणून आरपीएम बदलत बसावं लागतं. वेळ तिथे जातो.

अडॅप्टरच्या जॅकेटमधून (बाहेरच्या पोकळ कवचातून) ४० अंशांचं पाणी फिरवा. १८ नंबर स्पिंडलला ३० आरपीएमवर १०० टक्के टॉर्क म्हणजे १०० सीपी, त्यामुळे टक्का दिसेल तोच सीपी. चांगलं तेल ५८ च्या आसपास येईल. त्याला ४० अंशांवरच्या घनतेने, साधारण ०.८६ ने, भागा.

चेंबर, म्हणजे अडॅप्टरमधली नमुन्याची भांडी, चार-पाच जास्तीचे घ्या. प्रत्येकात ६.७ मिली भरून आधीच ४० वर ठेवा, पाणी आत जाऊ न देता. मग जॅकेटमध्ये दोन-तीन मिनिटांत आकडा स्थिरावतो. बाटली हलवून लगेच ओतू नका, हवेचे बुडबुडे असले की आकडा नाचतो. स्पिंडल पुसून कोरडा करा. सॉल्व्हंट राहिलं की तेल पातळ दाखवतं.

केशनळी: ब्रुकफील्डच्या आकड्यावर कोणी तेल बदलणार का? काळ्या तेलाला उलट्या प्रवाहाची कॅनन-फेन्स्के नळी हवी, म्हणजे तेल वाहायला किती सेकंद लागतात ते मोजायची काचेची नळी. ३०० नंबर, स्थिरांक सुमारे ०.२५ (याला सेकंदांनी गुणलं की सेंटीस्टोक्स), म्हणजे ६८ सेंटीस्टोक्सला २७२ सेकंद. बाथ (नळी ठेवायचं ठरलेल्या तापमानाचं भांडं) ±०.०२ अंशात. तेल आधी ७५ मायक्रॉनच्या जाळीतून गाळा.

थर्मोस्टॅट: साठ नळ्या धुणार कोण? पहिली छाननी ब्रुकफील्डवर करा. नव्या तेलापेक्षा १० टक्क्यांहून जास्त फरक दिसेल तेवढेच नमुने नळीत घाला.

केशनळी: हे चालेल. पण रोज सकाळी प्रमाण तेलावर ब्रुकफील्ड तपासायचं.

इंडेक्स: व्हिस्कोसिटी इंडेक्ससाठी (तापमानाने व्हिस्कोसिटी किती बदलते त्याचा आकडा) १०० अंशांवरही मोजावं लागेल.

स्टोक्सभाऊ: विचारलंय कोणी?

वैतागलेला_केमिस्ट: बाथ आहे, पण शेजारच्या टेबलावर घनतेला लावलाय. त्यांच्याकडे मागतो. आजच्या तीन बाटल्या काळ्या नाहीत, दुधाळ आहेत. त्याही ४० वरच लावायच्या ना?

थर्मोस्टॅट: हे आता सांगताय! त्या आधी बाजूला काढा. तापलेल्या हॉटप्लेटवर एक थेंब टाका, चरचरला तर पाणी. इमल्शन झालेलं तेल घट्ट दाखवतं, तो आकडा तेलाचा नव्हे.