स्वतःचाच हुकलेला शॉट झेलला, तर ट्रॅव्हलिंग द्यायचे का?

नवापंच : उद्या पुन्हा मलाच शिट्टी धरायची आहे, म्हणून कृपया लवकर सांगा. बास्केटबॉलच्या सामन्यात एका खेळाडूने उडी मारून शॉट घेतला, चेंडू कशालाही न लागता खाली आला आणि त्यानेच तो झेलून बास्केट केली. मी ती मान्य केली. विरुद्ध संघाचे प्रशिक्षक मात्र मुठी गोल फिरवून ट्रॅव्हलिंगची (चेंडू हातात धरून नियमाबाहेर पावले टाकल्याची) खूण करत टेबलापर्यंत धावत आले. माझे चुकले का?

मध्यवर्तुळ : सामना कोणत्या नियमांनी होता? अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये चेंडू रिंगला, बोर्डला किंवा दुसऱ्या खेळाडूला लागण्याआधी शॉट घेणाऱ्याने त्याला हात लावला, तर ते उल्लंघन ठरते. मी तर अशा वेळी सरळ शिट्टी वाजवतो, म्हणजे वाद उरत नाही.

जुनीशिट्टी : वाद टाळण्यासाठी शिट्टी वाजवणे मला मुळीच पटत नाही. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत लागोपाठचे शॉट ड्रिबल, म्हणजे चेंडूचे टप्पे पाडत नेणे, मानत नाहीत. पाहायचे ते इतकेच, की तो खरोखर शॉट होता, की कोंडी झाल्यामुळे चेंडू नुसताच वर उडवून स्वतः झेलला होता. नुसताच उडवला असल्यास प्रशिक्षकांची मागणी रास्त ठरते.

पायरेषा : फिबाने 2017 मध्ये शून्य पाऊल आणले, तेव्हापासून पळता पळता चेंडू हातात घेताना जमिनीवर असलेला पाय मोजत नाहीत.

जुनीशिट्टी : तो प्रश्न येथे नाही. नवापंच, शॉट क्लॉकवर (शॉटसाठीच्या 24 सेकंदांच्या घड्याळावर) किती सेकंद होते?

नवापंच : सामना फिबाच्याच नियमांनी होता. शॉट खराच होता. बचावपटूचा हात चुकवताना मनगटातला जोर कमी पडला. घड्याळावर 3 सेकंद होते आणि टेबलावरच्या अधिकाऱ्यांनी ते 14 केले. खेळाडू चेंडू झेलून ड्रिबल करत बाहेर गेला, पुन्हा आत आला आणि पाच-सहा सेकंदांनी त्याने बास्केट केली. हे महत्त्वाचे असेल असे मला वाटले नाही.

मध्यवर्तुळ : म्हणजे त्याने दुसऱ्यांदा ड्रिबल केला असणार, तेही उल्लंघनच!

जुनीशिट्टी : मध्ये शॉट झाल्यामुळे तो ड्रिबल वैधच आहे. चूक घड्याळाची आहे. चेंडू रिंगला लागला नाही, तर घड्याळ बदलत नाही. त्यामुळे 3 सेकंद संपताच 24 सेकंदांचे उल्लंघन झाले होते आणि बास्केट धरायला नको होती. उद्या प्रत्येक हुकलेल्या शॉटनंतर एक नजर घड्याळावर टाका आणि चूक दिसताच, विरुद्ध संघाचे नुकसान होणार नसेल, तर तेथेच खेळ थांबवून ती दुरुस्त करा.